निब दाबायची की बदलायची?

गेल्या अंकात मी फाउंटन पेनाच्या शाईबद्दल लिहिलं आणि पत्रं आली निबेबद्दल. आमच्या स्टेशनरीच्या काउंटरवरही हेच चालायचं. माणूस शाईची बाटली घ्यायला यायचा आणि निबेचं गाऱ्हाणं सांगून जायचा. सासऱ्यांनी दुकान उभं केलं, पेनं उघडायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आता दुकान नाही, पण पेनं घरी येतातच. जागेअभावी पत्रं थोडी कापली आहेत, राग मानू नये.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका व्हिडिओत लिहिणारा पेन दाबतो तेव्हा रेघ जाड होते, सोडतो तेव्हा केसाइतकी बारीक. ते पाहून मी सोनेरी निबेचं पेन घेतलं. कितीही दाबलं तरी रेघ तेवढीच. दुकानदार म्हणतो, खऱ्या सोन्याची निब घ्या, सोनं मऊ असतं. पैसे साठवू का?
— एक विद्यार्थी, नाशिक

साठवा, पण यासाठी नको. आणि आधी त्या निबेला दाबणं थांबवा.

तुमची निब स्टीलची आहे, वर सोनेरी मुलामा. खऱ्या सोन्याच्या निबेवर 14 कॅरेट असेल तर 585 आणि 18 कॅरेट असेल तर 750 हा आकडा बहुधा कोरलेला असतो, म्हणजे हजारात तेवढे भाग सोनं. ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असं कोरलेलं दिसलं तर त्याचा सोन्याशी काही संबंध नाही. ते टोकावरच्या कठीण धातूच्या बारीक मण्याबद्दल आहे, आणि त्या मण्यातही हल्ली इरिडियम क्वचितच असतं.

आता सोन्याच्या मऊपणाबद्दल. शुद्ध सोनं मऊ असतं हे खरं, पण शुद्ध सोन्याची निब कोणी करत नाही. निबेतलं सोनं तांबं-चांदी मिसळून आणि लाटून चांगलं कडक केलेलं असतं. पार्कर 51 हे पेन 1941 साली बाजारात आलं. त्यातल्या बहुतेकांची निब 14 कॅरेट सोन्याची. दाबून बघा, ढिम्म हलत नाही. लॅमी 2000 या पेनाची निबही सोन्याचीच, आणि तीही ताठ. दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य एवढंच, की त्याच जाडीची आणि त्याच आकाराची निब घेतली तर स्टीलची सोन्याच्या मिश्रधातूपेक्षा साधारण दुप्पट ताठ असते. पण जाडीचा हिशेब याहून फार मोठा आहे. पत्र्याची जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होत नाही, आठव्या हिश्शावर येतो. म्हणून पातळ पत्र्याची स्टीलची निब जाड सोन्याच्या निबेपेक्षा खुशाल जास्त वाकते.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्यांची लांबी. निबेच्या मधल्या चिरेमुळे दोन पाती होतात. टेबलाच्या कडेबाहेर प्लॅस्टिकची पट्टी जितकी जास्त काढाल तितकी ती सहज वाकते, तसंच चीर जितकी लांब तितकी पाती सहज उघडतात. तिसरी गोष्ट खांदे. निब जिथे रुंद होते, तिथे दोन्ही बाजूंनी अर्धगोल कापून घेतला की पाती आणखी मोकळी होतात. पायलट कंपनीची ‘एफए’ निब अशीच कमरेत कापलेली दिसते. आणि शेवटी धातूला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-थंडावून आणलेली उसळी. वाकणं सोपं असतं, सोडल्यावर क्षणात मिटणं अवघड. जुन्या वॉटरमन निबांसाठी लोक आजही जीव टाकतात, तो त्या मिटण्यासाठी.

नवशिक्यांचा गोंधळ होतो तो दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द लावल्यामुळे. काही निबा मऊ असतात. लिहिताना हाताखाली किंचित लवतात, हात दुखत नाही, पण रेघ फारशी बदलत नाही. पायलटच्या ‘सॉफ्ट फाइन’सारख्या निबा मी या गटात धरते. काही निबा लवचीक असतात. त्यांची पाती दाबल्यावर फाकतात आणि रेघ खरोखर रुंद होते. बाकी बहुतेक सगळ्या नव्या पेनांच्या निबा कडक असतात आणि रोजच्या लिहिण्याला त्याच बऱ्या. तुमची कोणती हे पाहायचं असेल तर टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा आणि भिंगातून बघा. हलक्या दाबानं पाती उघडली नाहीत तर ती कडक निब आहे. जोर लावून उत्तर बदलत नाही.

ही लवचीक निब गेली कुठे, असंही विचारलंत. (पत्राचा तो भाग कापला आहे.) इंग्रजी गोलाकार, तिरपं वळण गिरवण्यासाठी टाकाच्या, म्हणजे दौतीत बुडवून लिहायच्या लेखणीच्या, स्टीलच्या निबा लवचीकच असत. बर्मिंगहॅममधून त्या जगभर जायच्या. सुरुवातीची फाउंटन पेनं तेच वळण पुढे चालवत होती. मग कचेऱ्यांमध्ये कार्बन पेपर आला. खालच्या प्रतीपर्यंत अक्षर उमटायला दाबून लिहावं लागतं, त्यासाठी मुद्दाम ताठ निबा निघाल्या. 1945 नंतर बॉलपेन आलं आणि सगळ्यांचाच हात जड झाला. त्या हाताखाली लवचीक निब आठवडाभर टिकली नसती. कंपन्यांनी ती करणं कमी केलं यात नवल नाही.

तुम्ही असं करा. साधा टाक आणि ‘जी’ निब घ्या. जपानी चित्रकथा काढणारे ती वापरतात, आपल्याकडे चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळते आणि सोन्याच्या निबेपुढे तिची किंमत किरकोळ आहे. नव्या निबेवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो साबणाच्या पाण्यानं पुसा, नाहीतर शाई चिकटणार नाही. खाली येणाऱ्या रेघेवर दाब, वर जाणाऱ्या रेघेवर हात फुलासारखा हलका. महिनाभर याची गोडी टिकली तर लवचीक निबेच्या फाउंटन पेनाचा विचार करू. आणि टाकासाठी आणलेली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात चुकूनही भरू नका. तिच्यात लाख असते, ती आत वाळली की पेन गेलंच म्हणून समजा.

माझ्या वडिलांचं काळं ड्रॉपरनं शाई भरायचं पेन आहे. पडून निब मोडली. दुसऱ्या पेनाची निब त्यात बसेल का? दुकानात ‘सहा नंबर आणा’ म्हणतात, पण कशाचा सहा ते कोणी सांगत नाही.
— निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. कशाचा सहा?

पूर्वी प्रत्येक कंपनीचे नंबर तिचे तिचे असत. वॉटरमनच्या 52 नंबरच्या पेनात 5 म्हणजे बाजूच्या लिव्हरनं शाई भरणारं आणि 2 म्हणजे निबेचा आकार. तो 2 दुसऱ्या कंपनीच्या 2 शी जुळेलच असं नाही. आज ‘पाच नंबर’, ‘सहा नंबर’ म्हणतात ते मुख्यतः जोवो आणि बॉक या दोन जर्मन निब कारखान्यांच्या मापांमुळे. ढोबळ हिशेब असा की पाच नंबरची निब सुमारे 5 मिलिमीटर जाडीच्या फीडवर बसते आणि सहा नंबरची सुमारे साडेसहा मिलिमीटरच्या. फीड म्हणजे निबेखालची काळी, खाचा पाडलेली पट्टी. जुने दुकानदार तिला जीभ म्हणत. आपल्याकडे हातानं पेनं करणारे कारागीर मात्र निब लांबीवर सांगतात, 35 मिलिमीटर, 40 मिलिमीटर असं. म्हणून दुकानात नंबर सांगू नका, मोडलेली निब बरोबर न्या. ती हरवली असेल तर फीड न्या.

नवी निब निवडताना लांबीपेक्षा गोलाई महत्त्वाची. निबेचा मागचा भाग फीडच्या पाठीवर सगळीकडून टेकला पाहिजे. मध्ये उजेड दिसला तर शाई तिथे अडेल नाहीतर सांडेल. लांबीही तपासा, कारण निब दोन-तीन मिलिमीटरनं लांब असली तर टोपण लावताना टोक आत आपटतं, आणि हे टोक वाकल्यावरच लक्षात येतं.

काढायची कशी ते सांगते. पेनाचं पुढचं तोंड रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. वाळलेली शाई सुटली की सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन निब आणि फीड दोन्ही एकत्र धरा आणि सरळ ओढा. पिळायचं नाही. पक्कड तर घरातून बाहेरच ठेवा. बसवताना निबेची चीर फीडच्या बरोबर मध्यावर येऊ द्या, आणि निबेचं टोक फीडच्या पुढे तीन-चार मिलिमीटर राहू द्या. मग उजेडासमोर धरून चीर बघा. निबेवरच्या भोकाकडून टोकाकडे ती निमुळती होत गेली पाहिजे. टोकाशी फट दिसत असेल तर रेघ जाड आणि कोरडी येईल.

वडिलांचं पेन काळं आणि ड्रॉपरचं आहे म्हणजे एबोनाइटचं, कडक केलेल्या रबराचं, असू शकतं. राजमहेंद्रीची रत्नम पेनं अशी असतात. बोटानं जोरात घासून नाकाशी धरा, जळक्या रबरासारखा वास आला तर एबोनाइट. अशा पेनाला गरम पाणी लावू नका, काळा रंग उतरून मातकट होतो.

इथे बाकीच्या वाचकांसाठी थोडं, कारण ‘माझी निब बदलता येते का’ अशी पत्रं बरीच आहेत. लॅमीच्या सफारी, अल-स्टार, व्हिस्टा, स्टुडिओ या पेनांच्या निबा एकमेकांत चालतात. निबेवर चिकटपट्टी लावायची आणि सरळ पुढे ओढायची, फीड जागच्या जागी राहते. लॅमी 2000 ला मात्र हे लागू नाही. पायलटच्या मेट्रोपॉलिटन, काकुनो, प्रेरा आणि प्लुमिक्स यांच्यात निबांची अदलाबदल होते. बरेच जण प्लुमिक्स घेतात ते केवळ तिची चपट्या टोकाची निब काढून मेट्रोपॉलिटनला लावायला, आणि मला हा उद्योग पसंत आहे. पेलिकनच्या एम200 ची स्टीलची निब आटे फिरवून फीडसकट निघते, तिच्या जागी एम400 ची सोन्याची बसते. जोवो आणि बॉक यांच्या सहा नंबरच्या सुट्या निबा बहुधा एकमेकींच्या जागी चालून जातात, पण ज्या आट्याच्या नळीत त्या बसवलेल्या असतात त्या नळ्या जुळत नाहीत. दुकानदार ‘सगळं एकच आहे’ म्हणाला तर त्याच्यासमोर आटे फिरवून बघा. हिरो 616 सारख्या झाकलेल्या निबेच्या पेनात उघड्या निबेच्या पेनाची निब काढून बसवता येत नाही, तो नाद सोडा.

मी लवचीक म्हणून विकली जाणारी स्टीलची निब माझ्या नेहमीच्या पेनात बसवली. दाबलं की रेघेच्या मधली शाई जाते आणि दोन समांतर रेघा उरतात. कधी एकदम ठिपका पडतो. निब खराब निघाली का?
— बँक कर्मचारी, पणजी

निब बहुधा ठीक आहे, तिला शाई कमी पडतेय. पाती फाकली की मधली फट शाईच्या पडद्यानं भरलेली राहावी लागते. फीडनं तेवढी शाई वेळेवर पुरवली नाही तर पडदा फाटतो आणि फक्त दोन्ही टोकं रेघ ओढतात. इंग्रजीत या रेघांना रेल्वेच्या रुळांचं नाव दिलं आहे. कडक निबेसाठी बनवलेली प्लॅस्टिकची फीड मोजून-मापून शाई देते, तिचा यात दोष नाही. म्हणूनच मी म्हणते, निब बदलायची तर फीडचा विचार त्याच वेळी करायचा. या दोघी जोडीनं काम करतात.

आधी सोपे उपाय. सावकाश लिहा. व्हिडिओतला माणूस किती हळू लिहितो ते पुन्हा बघा, बहुतेक वेळा चित्रफीत पळवलेली असते. शाई जरा पातळ, चांगली वाहणारी घ्या. पेन धुऊन घ्या. एवढ्यानं भागलं नाही तर एबोनाइटची फीड लावा. एबोनाइटच्या पृष्ठभागाला शाई प्लॅस्टिकपेक्षा चांगली धरते, शिवाय तिला उष्णता देऊन निबेला नीट चिकटवता येते. निब आणि फीड एकत्र धरून कडकडीत पाण्यात मिनिटभर बुडवायची, बाहेर काढून अंगठ्यानं दोन्ही दाबून धरायची आणि गार पाण्यात सोडायची. हात सांभाळा. प्लॅस्टिकच्या फीडला हे करू नका, ती वाकडी होऊन बसेल. फीडच्या मधली शाईची नाळ पातळ पात्यानं रुंद करणारे लोक आहेत, पण एकदा खरवडलेलं परत भरता येत नाही. सुटी फीड हाताशी असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

ठिपका पडतो तो उलट कारणानं. पेनात शाई कमी आणि हवा जास्त झाली की हाताच्या उबेनं हवा फुगते आणि शाई ढकलते. ड्रॉपरच्या पेनात हे नेहमीचं आहे. अर्ध्यावर आलं की भरून घ्या.

इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एस्टरब्रुकचं एक पेन मिळालं. निबेवर 9128 असं आहे. विकणारी बाई म्हणाली, निब स्क्रूसारखी निघते. खरं का? आणि या आकड्याचा अर्थ काय?
— एक मराठी वाचक, न्यू जर्सी

तुम्ही ज्या राज्यात राहता तिथलंच ते पेन आहे. एस्टरब्रुक ही कंपनी न्यू जर्सीतल्या कॅमडेनची, 1858 पासूनची. आधी ती टाकाच्या निबा करायची. त्या धंद्यातलं शहाणपण तिनं फाउंटन पेनात आणलं: निब आणि फीड एका आट्याच्या नळीत बसवायची, आणि गिऱ्हाइकानं ती बल्बसारखी फिरवून काढायची, दुसरी लावायची. हिशेबनिसाला बारीक ताठ, लघुलिपीवाल्याला वेगळी, सही करणाऱ्याला रुंद. पेन एकच. अदलाबदलीची इतकी सरळ सोय नंतर फार थोड्यांनी केली, आणि हे माझं लाडकं पेन आहे हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

आकडा म्हणजे निबेचा प्रकार. 2668 म्हणजे मध्यम. 2 नं सुरू होणाऱ्या निबा स्वस्तातल्या, त्यांच्या टोकाला वेगळा मणी नाही, स्टीलचंच टोक दुमडलेलं आहे, त्यामुळे ते झिजतं. 9 नं सुरू होणाऱ्या वरच्या दर्जाच्या, टोकाला कठीण मणी असलेल्या. 9128 ही अतिबारीक लवचीक निब, लोक ती शोधत असतात. तुमचं नशीब चांगलं. पण ती स्टीलची आहे आणि म्हातारी आहे. बारीक रेघेची मध्यम होईल एवढाच दाब द्या, व्हिडिओतली रुंदी तिच्याकडून मागू नका. काढताना निब आणि फीड एकत्र धरून फिरवा, नुसती निब ओढू नका. नळी अडली तर आधी भिजवा. पेनाला बाजूला लिव्हर असेल तर आत रबराची पिशवी आहे. एवढ्या वर्षांत ती दगड झालेली असते. लिव्हर जोरानं ओढण्याआधी पिशवी बदलून घ्या.

मी सत्तरीचा आहे. आयुष्यभर मराठीतच लिहिलं. आता नातवानं लवचीक निबेचं पेन भेट दिलं. पण अक्षर सुंदर होण्याऐवजी बिघडलं. वेलांटी काढताना टोक कागदात अडकतं. माझ्या हातात दोष आहे का?
— इंदूर

आजोबा, हात अगदी उत्तम आहे, हत्यार दुसऱ्या कामाचं आहे.

लवचीक निब उघडते ती फक्त खाली ओढलेल्या रेघेत. आडवी रेघ बारीकच राहते, आणि वर ढकललेल्या रेघेत जरा दाब पडला की टोक कागद उचकटतं. इंग्रजी तिरप्या वळणात सगळ्या जाड रेघा खालीच येतात, म्हणून तिथे ती शोभते. आपल्याकडे काय होतं? काना जाड येतो, शिरोरेघ बारीक. शब्द वरून लटकलेला न वाटता खांबांवर उभा केल्यासारखा वाटतो. वेलांटी, मात्रा, उकार यांत हात वर वळतो आणि तिथेच तुमचं टोक अडकतं.

देवनागरीचं जाड-बारीक दाबातून आलेलंच नाही, ते बोरूच्या कापातून आलं आहे. बोरूचं टोक चपटं आणि तिरकं कापायचं, एका कोनात धरायचं, आणि रेघ ज्या दिशेला जाईल तशी आपोआप जाड किंवा बारीक उमटते. हात सगळा वेळ हलका. रोमन अक्षरांसाठी चपट्या निबेची कड डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी धरतात, देवनागरीसाठी कल बरोबर उलटा. म्हणून परदेशी कॅलिग्राफी पेन आणून मराठी लिहिलं की काहीतरी उलटं वाटत राहतं. कॅलिग्राफीच्या सामानाच्या दुकानात देवनागरीचा काप असलेल्या कट निबा मागा. ‘मराठीसाठी’ एवढं म्हटलं की ते ओळखतात.

रोजच्या पत्रलेखनाला मात्र कट निब फार रुंद पडते. त्यासाठी स्टब निब घ्या, म्हणजे टोक चपटं पण कडा गोलसर केलेल्या. 1.1 मिलिमीटरची सहज मिळते, लॅमीतही आहे. अक्षर लहान असेल तर 1.1 सुद्धा रुंद पडते आणि ‘भ’ आणि ‘म’च्या गाठी बुजतात, तेव्हा त्याहून बारीक बघा. नातवाचं पेन परत करू नका. त्याचंच माप मोजून त्यात स्टब बसते का ते पाहा. वर साताऱ्याच्या बाईंना दिलेलं उत्तर त्यासाठी वाचा.

दाबता दाबता निबेची पाती फाकली आणि आता मिटतच नाहीत. सरळ होतील का?
— लातूर

थोडी फाकली असतील तर होतील. पाती आलटून पालटून एकमेकींखाली हलकेच दाबून चीर मिटवता येते, भिंगाखाली, पुन्हा पुन्हा उजेडात बघत. वरच्या बाजूला वाकून गेली असतील तर घरी करू नका. स्टीलची असेल तर दुसरी घेणंच स्वस्त. सोन्याची असेल तर जाणकाराला दाखवा. आणि गेलेली उसळी सरळ केल्यानं परत येत नाही, निब लिहील पण पूर्वीसारखी लवणार नाही.

आपलं पेन दुसऱ्याला दिलं की निब बिघडते असं आई सांगायची. खरं?
— कोल्हापूर

टोकाचा मणी फार कठीण असतो, कोणी सही करून दिल्यानं तो झिजत नाही. पण बॉलपेनवाला माणूस घेतो आणि दाबतो, तिथे आईचं म्हणणं खरं ठरतं. तुमची निब कडक असेल तर खुशाल द्या. लवचीक असेल तर टोपण आपल्याकडे ठेवा आणि सही होईपर्यंत शेजारी उभ्या राहा.